आजची कुठली?

त्या वाफेच्या लाँड्रीत बॉयलर सांभाळणाऱ्याला सगळे प्रोफेसर म्हणत. शिक्षण सातवी नापास, पण इंग्रजी म्हणी तोंडपाठ! याचं खापर लाँड्रीच्या साहेबांच्या माथी. दर सोमवारी ते फळ्यावर एक इंग्रजी म्हण लिहीत आणि जो ती बोलण्यात वापरेल त्याची पाठ थोपटत. प्रोफेसरची पाठ थोपटून थोपटून सपाट व्हायची बाकी होती. घरी भाजी करपली तरी हा म्हणे, "नो यूज क्राइंग ओव्हर स्पिल्ट मिल्क. म्हणजे झालं गेलं गंगेला मिळालं."

"अहो, दूध नाही, भाजी गेलीय," बायको करवादे. "मेला तो साहेब!"

त्याची लेक दुपारच्या पाळीत, बॉयलरच्या भिंतीपलीकडे, वाफेच्या यंत्रावर चादरींना इस्त्री करी. गेटवर बापलेकीची गाठ पडे. "आजची कुठली, बाबा?" ती विचारी. तो म्हण सांगे, अर्थ सांगे आणि छाती फुगवून घरी जाई.

त्या दिवशी सकाळी त्याने रोजच्यासारखा सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा ओढून पाहिला. एरवी फस्सकन वाफ सुटायची. आज दांडा हलेचना. वाफ जास्त झाली की बाहेर पडायला तेवढीच वाट, आणि तीच बंद! तो तडक साहेबांकडे गेला.

"डोन्ट मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल," साहेब हसले. अर्थात, राईचा पर्वत करू नकोस.

प्रोफेसरला राहवलं नाही. "साहेब, बेटर सेफ दॅन सॉरी!" मागून हळहळण्यापेक्षा आधीच जपलेलं बरं, असं त्याला म्हणायचं होतं. साहेब एकदम खूश! कारकुनांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं. वाहवा झाली, चहा झाला. बॉयलरपाशी परतल्यावर त्याच्या ध्यानात आलं, व्हॉल्व्हचं बोलणं राहूनच गेलं. पुन्हा जाऊन रडगाणं गायचं तर मिळालेली शाबासकी घालवायची. तो गेलाच नाही. काय म्हणावं असल्या माणसाला!

दुपारी पाळी बदलायला तात्या आला. "काय प्रोफेसर, कसं काय?"

"सो फार सो गुड." आत्तापर्यंत तरी ठीक. रोजचंच उत्तर, जिभेला वळण पडलेलं. तात्या हसला आणि डबा ठेवायला वळला.

गेटवर लेक उभी. "आजची कुठली?"

"आज नाही काही."

"अरेच्चा! दुकान बंद?" ती हसत आत गेली.

रस्त्याला लागल्यावर तो थबकला. पाळी बदलेपर्यंत यंत्रं थांबलेली, म्हणजे वाफ आतच कोंडत असणार. आपण तात्याला बोललो नाही, आणि पोर त्या भिंतीला लागून उभी आहे. तो उलटा धावत सुटला.

"तात्या, आग बंद कर! व्हॉल्व्ह अडकलाय!"

तात्याने वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा लाल रेघ ओलांडून गेला होता.

"मघाशी का नाही बोललात हो?" तो किंचाळला.

प्रोफेसर इस्त्रीखान्याच्या दाराशी पोहोचला. आत यंत्रांचा खडखडाट नुकताच सुरू झाला होता. "बाहेर या! सगळ्या बाहेर या!" तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, हात हलवत होता. ते बघून पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. लेकीने चादर यंत्रात सरकवता सरकवता कानामागे हात धरला.

"सापडली वाटतं आजची!" ती ओरडली. "अर्थ सांगा की, बाबा!"