हिच्यावर एवढा खुलला, तर…

"हिच्यावर एवढा खुलून दिसून राह्यला, तर तुमच्या सूनबाईवर किती दिसन!"

काकूंचं हे ठरलेलं वाक्य. वर्ध्यात त्यांचं साडीचं दुकान, तिथे मी कामाला. गिऱ्हाईक शालूवर अडलं की काकू मला पुढे उभी करायच्या. खांद्यावर पदर टाकायच्या, निऱ्या खोचायच्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायच्या. मग ते वाक्य. गादीवरच्या बाया माझ्या काळ्या तोंडाकडे बघायच्या, मग आपल्या गोऱ्या सुनेकडे, आणि हसायच्या. शालू विकला जायचा. मलाही हसावं लागायचं. न हसणारी पोरगी दुकानात कोणाला हवी असते?

काकूंचा स्वभाव मायाळू, असं सगळे म्हणतात. आई आजारी पडली तेव्हा त्यांनी डबा पाठवला होता. खरं आहे. पण फुकट कोणी गुळाचा खडाही देत नाही, हे मी लहानपणीच शिकले. म्हणून काकू एक दिवस म्हणाल्या, "तुह्यासाठी पोरगा पाह्यला," तेव्हा आईचे डोळे भरून आले आणि मला शंका आली. ह्यांना माझ्या लग्नाची एवढी घाई कशाला?

पोरगा नाचणगावचा, त्यांच्याच गोदामात कामाला. वाईट नव्हता. मला नको होता, एवढंच. पण मला कोणी विचारलंच नाही.

पाहुणे आमच्या सिंदी मेघेच्या घरी आले. काकू माझ्यासाठी दुकानातली साडी घेऊन आल्या. नेसवता नेसवता कानात म्हणाल्या, "लेबल काढू नोको. परत दुकानात ठेवाची हाय."

पाहुण्यांपुढे चहा ठेवला आणि बसले. लेबल कमरेला टोचत होतं. पोराच्या मामाने विचारलं, "पोरगी कामाची हाय ना?" मला नाही, काकूंना विचारलं.

"आमच्या घरचीच समजा," काकू म्हणाल्या. "तिची जबाबदारी आमच्यावर. पुलगावचं नवीन दुकान सुरू झालं का दोघंही तिथंच. हा माल सांभाळन, ही साड्या दाखवन."

अस्सं! म्हणजे नव्या दुकानालाही एक काळी पोरगी लागणार होती. लग्न झालेली, म्हणजे सोडून न जाणारी. शंका खरी ठरली आणि मला चक्क हलकं वाटलं.

तेवढ्यात काकूंनी सवयीने माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. "रंगावर नोका जाऊ. नाकीडोळी पाहा."

मी त्यांचा हात झटकला.

"मले हे लग्न नाई करायचं."

"काऊन? ह्या रंगाले याच्याहून चांगला कोन भेटन?"

"नाई भेटला तरी चालन."

"माय व, चूप बैस!" आई ओरडली. मी चूप बसले नाही. पोरगा मान खाली घालून बसला होता. त्यालाही कोणी विचारलं नसावं.

काकू लालबुंद झाल्या. "मंग उद्या काई झालं तं रडत आमच्या दारात येऊ नोको. तुही जबाबदारी तुह्यावर!"

"हो. माह्यावरच."

त्यांनी शाप दिला होता. मला तो पाहिजेच होता. माझी जबाबदारी घेतली म्हणणाऱ्यांनी माझा फक्त ताबा घेतला होता. आत जाऊन साडी सोडली, लेबलासकट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

काम गेलं. आई अजून धड बोलत नाही. मी घरीच फॉल-पिको करते. मशीन जुनी आहे, दोरा सारखा तुटतो. शेजारच्या बाया आता मला हिंमतवाली म्हणतात. तेही मी सांभाळूनच ऐकते. उद्या माझं काही बिनसलं, तर पहिल्या ह्याच म्हणतील, आम्ही सांगितलं होतं.

म्हणू देत. बिनसूही शकतं. काकूंनी माझं वाटोळं केलं, असं म्हणत रडायची सोय मी माझ्याच हाताने बंद केली आहे. लग्न करायचं की नाही, कोणाशी, काम कुठलं, हे मी ठरवणार. चुकले तर भोगीन. पण माझ्या वतीने दुसरं कोणी 'हो' म्हणालं, तर ते कितीही मायेचं माणूस असो, चारचौघांत उभी राहून मी 'नाही' म्हणणार.