विहिरीतला तांबडा थर

प्रयोगशाळेत दगड कापायच्या करवतीखाली तांबड्या मातीचं ढेकूळ ओलं झालं आणि तो वास येताच मी यंत्र बंद केलं.

ज्वालामुखीच्या अभ्यासाला मी नुकती लागले होते, तेव्हाची गोष्ट. पणदऱ्याला काकांनी नवी विहीर खोदली होती. काकांना आम्ही तात्या म्हणायचो. विहिरीत वर काळा खडक, खाली काळा खडक आणि मधे हातभर तांबडा थर. ज्वालामुखी शांत असताना साचलेली, पुढच्या लाव्हाखाली भाजलेली माती. मी तर नाचायचीच बाकी होते.

तात्यांनी नखानं माती खरवडून माझ्या नाकाशी धरली. "म्हंजी तवा डोंगर निजला व्हता म्हण की! पण लई मऊ हाय. सोमवारी गवंडी येतोय, कडा बांधून घेतो."

"मी नमुने नेईपर्यंत नका ना बांधू. परीक्षा झाली की लगेच येते."

"तुझ्या कामाचं हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे तसंच."

मधे दोन दिवस पाऊस झाला. मी पोचायच्या आदल्या दिवशी तात्या झाडू घेऊन खाली उतरले, मला थर स्वच्छ दिसावा म्हणून. भिजलेली माती सुटली आणि वरचा खडक त्यांच्या अंगावर आला.

हे ढेकूळ त्या ढिगाऱ्यातलं. जागेवरून हललेली माती आमच्या शास्त्रात नमुना म्हणून चालत नाही. तरी ते मी जपून ठेवलं होतं.

काकू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "कडा बांधायचा कटाळा केला त्यांनी." मी समोर बसून तिच्या हातचा चहा पिते.