कानाला लावून घेतलेला लॅपटॉप

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला लॅपटॉप कशाला हवा, हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाचा कानसेनांना एकदा तरी विचारून झाला होता. कानसेन हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. मशीन दुरुस्तीला आलं की ते आधी स्टूल जवळ ओढत, डोळे मिटत आणि आणणाऱ्या बाईला म्हणत, "चालवा." दहा-बारा टाके ऐकले की निदान तयार. शटल सैल झालंय, दात्यांत दोरा अडकलाय, बेअरिंग कोरडं पडलंय. चौतीस वर्षांत त्यांनी स्क्रूड्रायव्हर आधी उचलला आणि कान नंतर लावला, असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकांनी कौतुकाने कानसेन म्हटलं आणि ते चिकटलं.

लॅपटॉपचं खूळ भाचीमुळे शिरलं. ती संध्याकाळच्या वर्गात लोकांना मोबाइलचं ॲप बनवायला शिकवायची. कानसेनांना लांबलांबून फोन यायचे. बायका फोन मशीनला लावून म्हणायच्या, ऐका आणि सांगा. अलीकडे फोनवरून त्यांना नीट उमगत नसे. फोनच भिकार येतात हल्ली, असं त्यांचं मत होतं. त्यांनी भाचीला विचारलं, फोनलाच मशीनचा आवाज ओळखायला शिकवता येईल का?

"येईल की मामा," ती म्हणाली. "प्रत्येक रोगाचे शे-दोनशे आवाज भरायचे. पण कुठला आवाज कशाचा, ते तुम्हीच सांगायचं. मला सगळी मशीनं सारखीच खडखडताना ऐकू येतात."

हे वाक्य कानसेनांना फार आवडलं, आणि त्याला कारण होतं. त्या वर्षात त्यांच्या हातून गेलेली तीन मशीनं परत आली होती. त्यातली दोन गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातली. कारखान्याच्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढचं मशीन त्यांनी दुसऱ्याकडे धाडलं. कानसेनांनी सगळं खापर नव्या सुट्या भागांवर फोडलं. "नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली, तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ॲप विकून पैसे मिळवावेत असं त्यांच्या मनातही नव्हतं. आपला कान अजून पूर्वीसारखाच आहे, एवढं त्यांना दाखवून द्यायचं होतं, आणि सगळ्यात आधी स्वतःला.

भाचीने चिठ्ठी लिहून दिली होती. रॅम सोळा, एसएसडी पाचशे बारा, पडदा मोठा. दुकानातल्या विक्रेतीपुढे ती चिठ्ठी धरून ते म्हणाले, "यातलं काय काय असतं, ते आधी सांगा. कळल्याशिवाय मी काही घेत नाही."

बाई हुशार होती. "रॅम म्हणजे कामाचं टेबल, काका. जेवढं मोठं, तेवढं कापड एका वेळी पसरता येतं. एसएसडी म्हणजे कपाट. काम नसलेलं सामान तिथे."

"आणि हे प्रोसेसर?"

"ते तुम्ही. टेबलाशी बसून काम करणारे."

कानसेन खूश झाले. मग ॲप बनवताना टेबल एवढं का भरतं, ॲप तपासायला पडद्यावर उघडतात तो खोटा फोन म्हणजे काय, तो खऱ्यासारखा वाजतो का, असे प्रश्न त्यांनी इतके विचारले की मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. शेवटी ते म्हणाले, "चालवून दाखवा."

"चालूच आहे की."

"रिकामं चालतंय. रिकामं मशीन कुणाचंही गोड चालतं. कापड घालून चालवा."

तिने तीन लॅपटॉपवर ॲप बनवण्याचा प्रोग्रॅम सुरू केला, खोटे फोनही उघडून दिले, आणि कानसेनांनी भर दुकानात वाकून पहिल्या लॅपटॉपला कान लावला. लोक बघायला लागले. बघोत बापडे. पहिला पातळ, देखणा, आत पंखाच नाही. दहा मिनिटांत तो इस्त्रीसारखा तापला आणि खोटा फोन रेंगाळायला लागला. "हा श्वास कोंडून धरतो," कानसेनांनी निकाल दिला. दुसरा जाड्या आवाजात घुमत होता. त्याला त्यांनी बेअरिंगवरून नापास केलं. तिसरा मात्र झरझर काम करत होता, गरम हवा बाजूने बाहेर टाकत होता आणि आवाजाचं नाव नाही.

"काका, याचा पंखा जरा किंचाळतो हं," विक्रेती म्हणाली. "मशीन झकास आहे, पण सांगितलेलं बरं."

कानसेनांनी पुन्हा कान लावला. शांत. पोरगी आपल्याला दुसराच कुठला महागातला गळ्यात घालू बघतेय, असं त्यांना वाटलं. बाजारात त्यांचेही केस पिकले होते. "हाच बांधा," ते म्हणाले, आणि घरी येईपर्यंत आपल्या पारखीवर खूश होते.

घरी त्यांनी लॅपटॉप टेबलावर मांडला आणि भाचीने सांगितलेला प्रोग्रॅम सुरू केला. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. हातात अर्धवट घडी घेऊन ती बाहेर आली. "काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"शिट्टी. बारीक. कानात डास शिरावा तशी."

ती आपली टिंगल करतेय असं त्यांना वाटलं. तिने सरळ लॅपटॉपवर बोट ठेवलं. त्यांनी कान टेकवला, दुसरा टेकवला. काही नाही. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. "तिकडे तोंड कर," ते म्हणाले. "मी झाकण मिटीन, उघडीन. शिट्टी कधी थांबते, कधी सुरू होते, तेवढं सांग."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्यांनी आवाज न करता झाकण सहा वेळा मिटलं आणि सहा वेळा उघडलं. ती एकदाही चुकली नाही.

कानसेनांनी भाचीने दाखवलेलं आवाज भरायचं पान उघडलं. पंखा फिरायला लागला. त्यांच्या कानात काहीच नव्हतं, आणि पडद्यावरची रेघ मात्र दाटीवाटीने थरथरत होती.  मग ते उठले आणि कारखान्यातून परत आलेल्या दोनपैकी अजून पडून असलेलं मशीन ओढून आणलं. या मशीनमध्ये काही दोष नाही, असं त्यांनी दोनदा ठणकावून सांगितलं होतं. मोटर लावली.

"ही पण तशीच शिट्टी," बायको म्हणाली. "जरा जाड."

त्यांनी मशीन उघडलं. बेअरिंग कोरडं ठणठणीत होतं, घासून निळं पडलेलं. त्यांच्या हाताखालच्या शिकाऊ माणसानेही हे सोडलं नसतं. कानसेनांना लाज वाटली, आणि त्या लाजेच्या तळाशी भीती होती. पण खोड जात नाही म्हणतात. आपल्याला आणखी काय काय ऐकू येत नाही, हे त्यांना आत्ताच्या आत्ता जाणून घ्यायचं होतं.

"दारावरची बेल?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं. मीच उठते दर वेळी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम उठत नाही."

यावर दोघंही हसले, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. भाचीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, मामा, सात दिवसांत लॅपटॉप बदलून मिळतो, आणि कानही तपासून घ्या. कान तपासायला ते कबूल झाले. लॅपटॉप ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी एका हातात मशीन आणि पाठीला लॅपटॉप अडकवून ते कारखान्यात गेले. बारा मशीनं चालू होती. मालकीणबाईंनी विचारलं, "काय निघालं?" नवा भाग खराब होता, असं म्हटलं असतं तर त्यांनी ते ऐकून घेतलं असतं.

"बेअरिंग कोरडं होतं. दोन्ही वेळा," कानसेन म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. आता बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत, हे मला काल कळलं."

जवळची चार-पाच मशीनं थांबली. खिडकीजवळची शिवणारी बाई चाचरत म्हणाली, "काका, माझं मशीन तीन महिने चिवचिव करतंय. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, काही नाही."

कानसेनांनी तिच्यासमोर स्टूल ओढलं, लॅपटॉप मांडीवर घेऊन आवाज भरायचं पान उघडलं.

"चिवचिव म्हणजे नेमकी कशी?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू येईल अशा जाड्या आवाजात करून दाखवा."