सतराचा पाढा

सुरक्षितता हा मानवी प्रतिष्ठेचा पाया आहे, असं आमच्या समितीच्या अध्यक्षांनी येलहंक्याच्या महिला निवाऱ्यात गंभीर आवाजात सांगितलं, आणि त्याच दुपारी बाथरूमची आतली कडी काढायला लावली.

कारण शास्त्रशुद्ध होतं. आग लागली, कुणाला चक्कर आली, तर दार बाहेरून उघडायला हवं. अध्यक्ष मूळचे पुण्याचे, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत आयुष्यभर सेफ्टी बघून निवृत्त झालेले. निवाऱ्यातल्या बायका आपापले देश सोडून आलेल्या. मी समितीत होते, कारण मला हिंदी आणि कन्नड दोन्ही येतात आणि जयनगरहून येलहंक्याला जायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

पुढच्या भेटीत अध्यक्ष हरखले. बाथरूममधून गाणं ऐकू येत होतं. एक बाई बाहेर आली, दुसरी आत गेली, की लगेच तिचंही गाणं सुरू.

"ऐकताय ना?" ते मला म्हणाले. "याला म्हणतात वेल-बीइंग. आपल्याकडे फ्लॅटमध्ये कोण गातं सांगा?"

ते गेल्यावर मी थोडी रेंगाळले. आतून आता गाणं नव्हतं, एका सुरात काहीतरी म्हणणं चाललं होतं. मग केसांना साबण तसाच ठेवून एक अफगाण बाई वैतागून बाहेर आली.

"हे कुठलं गाणं?" मी हिंदीत विचारलं.

"सतराचा पाढा. मी काबूलला गणित शिकवायचे. मला गाता येत नाही."

"मग म्हणायचं कशाला?"

मंद विद्यार्थ्याकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "आवाज थांबला की बाहेरच्यांना वाटतं, आत कुणी नाही. दार ढकलतात. इतरांना गाणी येतात. मी सतरावर जरा अडखळते, आणि तेवढ्यात दार उघडतं." तिनं टॉवेल डोक्याला गुंडाळला. "घर सोडल्यापासून मला आतून बंद होणारं एकच दार मिळालं होतं, ते हे. तुमच्या साहेबांच्या भाषणापर्यंत. मला एकदा गप्प राहून केस धुवायचेत, बाजी," ताई म्हणावं तसं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी जयनगरच्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. आतून लागणारी, पण अडीनडीला बाहेरून नाण्यानं फिरवून उघडणारी. म्हणजे अध्यक्षांच्या आगीचीही सोय झाली. निवारा सांभाळणाऱ्या अक्कांनी लगेच स्क्रूड्रायव्हर काढला.

"अक्का, अध्यक्षांना विचारायला हवं ना?"

"विचारू की. आधी स्वल्प घट्ट तर बसू दे."

महिन्याभरानं अध्यक्ष आले. घर शांत होतं. त्यांनी कान देऊन ऐकलं, मग बाथरूमचं दार ढकललं. उघडलं नाही.

"आत कुणी अडकलंय?"

"नाही, साहेब," आतून गणिताच्या बाई म्हणाल्या. "आंघोळ करतेय."

अध्यक्षांना कडी दिसली नाही, पण कळली. सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "हे नियमाविरुद्ध आहे," ते म्हणाले. "मी हे आजच..."

पण व्हाइटफील्डहून येलहंका म्हणजे दोन तासांचा ट्रॅफिक, वाटेत दोनदा चहा झालेला, आणि निवाऱ्यात बाथरूम हे एकच. त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं. गणिताच्या बाई केस पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी अदबीनं दार धरलं. अध्यक्ष आत गेले.

आतून कडी लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"गात नाहीयेत," अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी कडीचा विषय काढला नाही. मात्र गाणी बंद पडल्याची काळजी त्यांना मनापासून वाटली, आणि निवासिनींचा उत्साह परत यावा म्हणून त्यांनी समितीकडून एक हार्मोनियम मंजूर करून घेतली.

हार्मोनियम बाथरूमच्या दाराशेजारी ठेवली आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात.