सामाईक भिंतीतलं दार

कवळीबाईंकडे पुरुष येतो, पण रस्त्यावरून येत नाही, ही कुजबूज उठली ती त्यांच्या सख्ख्या नणंदेच्या तोंडून. शेजारच्या विधुर बाइंडरांनी मधली भिंत फोडली आणि आमच्या भोळ्या, विधवा वहिनीला नादी लावलं, असं ती शपथेवर सांगे. वहिनी आणि भोळी! जबड्याचं माप द्यायला बसलेल्या भल्याभल्यांना तोंडात लगदा कोंबून खरी-खोटी सुनावणाऱ्या बाई त्या. बिचारे उलट उत्तर देणार कसं?

त्या घरांना सगळे ‘ओळ’ म्हणत. एका छताखाली आठ घरं, मधल्या भिंती सामाईक. एकाने खिळा ठोकला की दुसऱ्याकडची तसबीर तिरकी व्हायची. ओळ बांधली कारखान्याच्या साहेबांसाठी. कारखाना बुडाला, साहेब पांगले आणि तिथे प्रसूतिगृह आलं. खाटा ढकलत न्यायच्या म्हणून मधल्या भिंतींना रुंद दारं पाडली. पुढे शाळा भरू लागली. पोरं एका वर्गात हजेरी देऊन दुसऱ्यातून पसार होत, म्हणून हेडमास्तरांनी सगळी दारं विटांनी बुजवली. शाळाही गेली, मग खाली धंदा आणि वर बिऱ्हाड अशी भाडेकरूंची वस्ती झाली. बाईंच्या दुकानाच्या काचेत दातांच्या कवळ्या हसत बसलेल्या, शेजारी बाइंडरांकडे पाठ मोडलेली पुस्तकं पडलेली.

तर हे बाइंडर रोज दुपारी भिंतीतल्या दारातून यायचे. बाई कवळीचे दात घासून गुळगुळीत करायच्या, ते बांधणीला आलेलं पुस्तक वाचून दाखवायचे. गिऱ्हाइकाला पुस्तक वेळेवर का मिळत नाही, याचं कारण एवढंच, की शेवटचं प्रकरण राहिलेलं असायचं.

“मग लग्न तरी करा,” नणंद म्हणायची.

“केलं तर एक घर सोडावं लागेल,” बाई म्हणायच्या. “मग माझे दात यांच्या बांधणीच्या खळीत पडणार की यांची पुस्तकं माझ्या साच्यांच्या प्लास्टरमध्ये, ते तूच ठरव.”

पुढे ओळीला वारसा इमारत ठरवलं. वारसा समितीच्या अध्यक्षांनी पाटीचं उद्घाटन केलं, भाषणात आपण इथल्याच प्रसूतिगृहात जन्मलो हे तीनदा सांगितलं. सगळ्यांच्या छात्या फुगल्या. महिन्याभरात नोटीस आली: इमारत मूळ नकाशाबरहुकूम करायची, नंतर पाडलेली दारं बुजवायची. आता उघडं दार ओळीत एकच होतं.

बाइंडर पडले भिडस्त. “जाऊ द्या बाई, मी रस्त्यावरून येत जाईन.”

“रस्त्यावरून पाहुणे येतात,” बाई म्हणाल्या. “तुम्ही पाहुणे आहात का?”

पाहणीला अध्यक्ष स्वतः आले. मागोमाग नणंदही आली. असला तमाशा ती सोडते होय! अध्यक्षांनी नकाशा पसरला, बोट टेकवलं आणि इथे अखंड भिंत आहे, असं जाहीर केलं. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

“साहेब, तुम्ही या ओळीतच जन्मलात ना?”

“अर्थात,” अध्यक्ष खुलले.

“मग तुमच्या आईंची खाट याच दारातून गेली असेल. नकाशात हे दार नाही, तसे तुम्हीही नाही. दोघंही नंतरची भर. बुजवायचं तर दोघांना बरोबरच बुजवा.”

अध्यक्षांचा चेहरा कवळी घरी विसरल्यासारखा झाला. मग त्यांनी चौकटीवरच्या जुन्या कमानीवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि कारकुनाला सांगितलं, “लिहा. प्रसूतिगृहाच्या काळातलं दार. आहे तसं जपावं.”

नणंदेला हा निकाल कसा पचावा? “पण शाळेने बुजवलं होतं ना ते? मग पुन्हा उघडलं कुणी, ते विचारा की!”

सगळ्यांनी बाइंडरांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते छाती काढून पुढे झाले. “मी,” ते म्हणाले.

“गप बसा हो,” बाई म्हणाल्या. “माझ्या मेहनतीवर तुमचं नाव नको.”

भिंत बाइंडरांनी फोडली नव्हती. ते लेकीकडे गावाला गेले असताना बाईंनीच, साचे फोडायची छिन्नी-हातोडी घेऊन, एकेक वीट काढली होती.