केस जास्त, गाणं कमी म्हणणाऱ्यांना… आणि रघूला

…आणि परत तेच! केस जास्त, गाणं कमी. आपल्या या जुन्या रॉकच्या ग्रुपवर काल कुणीतरी ग्लॅम मेटलबद्दल, म्हणजे त्या नटूनथटून गाणाऱ्या रॉकवाल्यांबद्दल, पुन्हा तेच लिहिलं आणि खाली सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. अहो, कॅसेट ऐकताना केस दिसतात का कुणाला?

मी तंजावूरची. राजवाड्यामागच्या गल्लीत राहते. शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ… नागरी अक्षरं आजोबांनी घरी गिरवून घेतली, म्हणून एवढं तरी लिहिता येतं. इंग्रजी गाण्यातला शब्द कळत नाही मला. पण माझ्या धाकट्या भावामुळे, रघूमुळे, ही गाणी तरुणपणापासून कानावर आहेत. तेव्हा मीही बोलणार.

रघूच्या आवडत्या बँडचं नाव लिहीत नाही, चुकलं तर हसाल. आमच्या घरी त्या कॅसेटना कव्हरच्या रंगावरून नावं आहेत. लाल म्हणजे नुसता दंगा… पण चांगला दंगा, घर झाडताना लावावा असा. जांभळी सगळ्यात उत्तम. तिच्या दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं आहे. आधी नुसती गिटार, आणि मग तो माणूस असा काही वर चढतो की हातातलं काम थांबतं.

तिसऱ्या कॅसेटच्या वेळी त्यांनी केस कापले, साधे शर्ट घातले आणि रडायला लागले. ती मला मुळीच आवडत नाही. ज्याला नटता येतं त्यानं नटावं की!

पुरुषांनी लिपस्टिक लावली म्हणून हसता? आमच्या आजोळी, पापनाशमजवळ, वैशाखात देवळासमोर नाटक होतं. बायकांची सगळी कामं पुरुष करतात. नायिका रंगून बाहेर आली की म्हातारी माणसंसुद्धा हात जोडतात… आणि रघू मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथं नायिका व्हायचा.

म्हणून तर कमरेपर्यंत केस वाढवायला त्याला घरातून परवानगी होती. तेच केस मोकळे सोडून तो कॉलेजच्या बँडमध्ये ओरडतो, हे आमच्या वडिलांना, आप्पांना, फार उशिरा कळलं. जांभळ्या कॅसेटवरचा फोटो चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "यांच्याकडेही बायकांची कामं पुरुषच करतात वाटतं… दागिने मात्र कमी घातलेत."

गेल्या वर्षी रघूला कॅन्सर निघाला. उपचार झाले, डॉक्टर म्हणतात आता बरं आहे. केस मात्र गेले… आणि परत आले ते कापसासारखे, इथे थोडे, तिथे थोडे. तेव्हापासून त्यानं एकही कॅसेट लावलेली नाही.

येत्या रविवारी त्याचे बँडवाले मित्र येताहेत, कुणी चेन्नईहून, कुणी तिरुचीहून. सगळ्यांची पोटं सुटलीत. त्यांच्यातल्याच, इथं राहणाऱ्या सीनूच्या गच्चीवर जांभळी कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाजवायची असं ठरलंय. आणि गाणारा कोण? रघू. तो म्हणतो, "नको अक्का. टकल्यानं ही गाणी म्हणायची म्हणजे सर्कस."

मला असलं ऐकून घ्यायची सवय नाही. परवा सकाळी बस पकडली, आजोळी गेले आणि नाटकवाल्यांच्या पेटीतला नायिकेचा केसांचा टोप मागून आणला. रघू बाजूच्याच गल्लीत राहतो, जेवायला माझ्याकडे असतो. दुपारी आला तसा टोप त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "घाल. संपला प्रश्न."

तो टोपाकडे नुसता बघत बसला… तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं स्वतःच्या केसांत गजरा माळून उभा राहिलेला माणूस तो. त्याला मी दुसऱ्याचे केस दाखवत होते.

मी गुपचूप आत जाऊन सांबार ढवळायला लागले. तो मागून आला आणि टोप माझ्याच डोक्यावर बसवला. "तूच गा अक्का. शोभतंय तुला." मी ओरडले, "अय्यो गाढवा, सांबारात केस पडतील!" इतका हसला, इतका हसला… किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं मी.

आणि हसता हसता त्यानं ते संथ गाणं सुरू केलं. ओट्याला टेकून, बोटांनी डब्यावर ताल धरून. वर चढायची जागा आली तेव्हा आवाज चढला नाही, फाटला. तो थांबला, दम घेतला, आणि तीच ओळ खालच्या सुरात म्हटली.

खरं सांगू? कॅसेटवरच्यापेक्षा मला ती बरी वाटली. तो माणूस आपलं दुःख सगळ्या गावाला ऐकवतो… रघूनं ते फक्त त्या स्वयंपाकघराला ऐकवलं.

मी हातात पळी, डोक्यावर नायिकेचे केस, तशीच उभी. सांबार बुडाला लागलं, वास सुटला, तरी हलले नाही. गाणं संपल्यावर विचारलं, "मग रविवारी?" तर म्हणतो, "बघू."

रघू, या ग्रुपमध्ये मला तूच घातलंस, म्हणजे हे तू वाचणारच. टोप मी काल परत करून आले. तू गाणार नाहीस असं मी सीनूला कळवलेलं नाही, कळवणारही नाही. तुझं डोकं जागेवर आहे, मला तेवढं पुरे.

पण ते बघू-बिघू मला चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या आत तोंडानं सांग… गातोस की नाही?