मालतीबाईंनी दिलेली जोडी

रविवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी. सकाळी पाण्याची टाकी भरली. दुपारी वाचनालयात मालतीबाईंच्या गौरवग्रंथाच्या समितीला नाही म्हणायला गेलो आणि लेख कबूल करून परत आलो. नोकरीभर भूमच्या बसस्थानकावर गाड्यांच्या नोंदी केल्या; त्याहून लांब काही लिहिलेलं नाही. सांभाळून घ्यावं.

मालतीबाईंची ओळख झाली ती माझी पत्नी कुसुम हिच्यामुळं. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई वाचनालय पाहू लागल्या आणि कुसुम तिथं नेमानं जायची. बाईंची पद्धत आपण सारे जाणताच. नव्या लेखकांच्या कादंबऱ्या त्या जोडीनं देतात आणि परत घेताना विचारतात, "चांगली कोणती ते राहू द्या. कोणती कुणाला द्याल?"

कुसुम गेल्यावर तिच्याकडची पुस्तकं परत करायला मी गेलो. तेव्हा माझं बोलणं जवळपास थांबलं होतं. मुलाचा फोन आला तरी 'बरं आहे' एवढंच सांगायचो. बाईंनी सांत्वन केलं नाही. दोन कादंबऱ्या पुढं ठेवल्या. "वाचा, मग या."

वाचल्या आणि तक्रार घेऊनच गेलो. "बाई, पहिल्या भागातला तो प्राध्यापक दुसऱ्या भागात कुठं दिसतच न्हाय."

"कोणता दुसरा भाग?"

"जोडीनं दिलंत ना तुम्ही."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "अहो साळुंके, दोन वेगळ्या लेखकांच्या आहेत त्या. नावं तरी बघायची."

"नावं कुसुम बघायची."

"आता तुम्ही बघा. बरं, कोणती कुणाला द्याल?"

मी सांगितलं, पहिलीची भाषा देखणी आहे. बायको वारलेला प्राध्यापक शेवटच्या पानापर्यंत विचार करतो. पण त्याला चहा कोण करून देतं, ते लेखकानं सांगितलेलं नाही. ती भरल्या घरातल्या माणसाला द्यावी. दुसरीत एक विधवा नवऱ्याची पिठाची गिरणी पुन्हा सुरू करते. पट्टा घसरतो, पीठ जाड पडतं, गिऱ्हाईक भांडतं. ती माझ्यासारख्याला द्यावी.

"आणि तुमचा चहा कोण करतं?"

"स्टँडवर पितो."

"घरी करा. उतू गेला तर पुसून घ्यायचा, त्यात काय लई मोठं."

त्या दिवशी मी तासभर बोलत होतो. घरी येऊन मुलाला मीच फोन लावला आणि गिरणीची गोष्ट सांगितली.

बदली होऊन मुरुमला गेलेल्या एका शिक्षिकेला बाई अजून एसटीच्या कंडक्टरच्या हाती जोडी पाठवतात. तो आधी स्वतः वाचतो, म्हणून पुस्तकं उशिरा पोचतात, अशी त्यांची तक्रार आहे. तरी त्याच्याच हाती देतात.

बाईंना आता पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यांचे गुडघे साथ देत राहोत, हात वरच्या फळीपर्यंत पोचत राहो, आणि शंभरीनंतरही आमच्या तक्रारींना त्यांनी असंच हसावं.

आज निघताना बाईंनी नवी जोडी हातात दिली. लेख पुरा करून आलं ठेचलं, चहा ठेवला. कप घेऊन बसलो आणि आधी दोन्ही लेखकांची नावं वाचली.